उशाला धोंडा : विस्थापन, ख्रिस्ती धर्मविचार आणि मराठवाडा

जालन्याजवळ बेथेल नावाची एक जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. नाव इब्री भाषेतलं. अर्थ ‘देवाचं घर’. बायबलमध्ये हे नाव कुठून आलं ते पाहिलं की या विषयाचं एक टोक हाती लागतं. उत्पत्तीच्या २८व्या अध्यायात याकोब घरातून पळालाय. भावाच्या वाट्याचा आशीर्वाद त्याने लबाडीने मिळवला, भाऊ जिवावर उठला, आई म्हणाली मामाकडे जा. दिवस मावळतो, जवळपास गाव नाही. तिथलाच एक धोंडा उशाला घेऊन तो उघड्यावर झोपतो. स्वप्नात आभाळाला टेकलेली शिडी दिसते आणि देव सांगतो, तू जाशील तिथे मी तुझ्याबरोबर आहे. सकाळी त्याच धोंड्यावर तेल ओतून तो त्या जागेला बेथेल म्हणतो. देवाचं घर सापडलं ते घर सुटलेल्या माणसाला, रस्त्यात.

जालन्याच्या वस्तीला हे नाव मिळालं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यामुळे. घर सुटणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ब्राह्मण घरातल्या या तरुणाची जात, पंगत, नाती एका दिवसात तुटली. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. तो अल्पवयीन, म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. प्रायश्चित्त देऊन त्याला परत जातीत घ्यावं की नाही यावर मोठा गदारोळ झाला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू लावून धरली. एक भाऊ परत नेला गेला, दुसरा परतला नाही. नारायणराव १८५४ मध्ये पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झाले, पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या कामासाठी जालन्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसवलं. तिथे राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार. १८९१ मध्ये समुद्रप्रवासात असतानाच नारायणरावांचा मृत्यू झाला.

वेगळी वस्ती का लागली, तेही सांगायला हवं. गावगाड्यात ज्याचं काम त्याच्या जातीला चिकटलेलं, त्याने देवळापुढे हलगी वाजवायला नकार दिला की बलुत्यावर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागे. आधीच घर गावकुसाबाहेर. आता गावाचाही आधार गेला. ख्रिस्ती धर्म स्वीकारणं हे त्या माणसांसाठी आणखी एक विस्थापन होतं, आणि बेथेल हे त्याचं पुनर्वसन.

मराठवाड्यात दुष्काळाच्या साली एखाद्या घराला कुलूप दिसलं आणि शेजाऱ्याला विचारलं, तर उत्तर येतं, ‘जगायला गेलेत.’ पुण्याला जगायला, कारखान्याला जगायला. ‘स्थलांतर’ हा कागदावरचा शब्द. तोंडातला शब्द हा. बायबलमधलं रूथचं पुस्तक या एका शब्दाने उलगडतं. बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचं घर’. त्या भाकरीच्या घरात दुष्काळ पडतो आणि अलीमलेख, त्याची बायको नामी आणि दोन मुलगे मवाब या परक्या देशात जगायला जातात. तिथे नवरा मरतो, मुलं मरतात. गावाकडे पाऊसपाणी झाल्याचं कानावर येतं तेव्हा म्हातारी नामी परत निघते आणि परकी सून रूथ तिच्यामागे येते. गावात आल्यावर रूथ काय करते? जवाच्या शेतात सरवा वेचते. कापणीनंतर रानात राहिलेली कणसं वेचणाऱ्या बाया आमच्याकडे अजून दिसतात, म्हणून हा अध्याय इथे अर्थ सांगत बसावा लागत नाही. आणि सरवा ही तिथे कुणाची मेहेरबानी नव्हती. बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात कायदाच आहे: शेताचे कानेकोपरे कापायचे नाहीत, पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. इब्री भाषेत या परक्याला ‘गेर’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्यांच्या गावात आसऱ्याने राहणारा. त्याला आपल्यातलाच समजा, कारण मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, तुम्हीही परके होता, असं पुढे लिहिलंय. २५व्या अध्यायात देव याहून कडक बोलतो: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे म्हणून राहता. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांनी हे वचन सावकाश वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जुन्या कराराला, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाला, आजचं रूप येण्यात ज्या घटनेचा मोठा हात आहे, तीही उठवून नेण्याचीच. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, माणसं धरून नेली. देव मंदिरात राहतो अशी समजूत होती. मग मंदिरच गेल्यावर देव कुठे? परक्या देशात परमेश्वराचं गाणं कसं गावं, हा १३७व्या स्तोत्रातला सवाल तिथून आलाय. जुनी कथनं, नियम, वंशावळी गोळा करून जपण्याची निकड या बंदिवासात आणि त्यानंतर वाढली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यिर्मया या संदेष्ट्याचं पत्र मात्र त्याआधीच, ५९७ च्या सुमारास बाबेलला नेलेल्या पहिल्या लोकांना गेलं होतं. त्यात लवकर सुटाल असा दिलासा नाही. घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं तो लिहितो. शेवटी सूड मागणारं ते स्तोत्र आणि नांदायला सांगणारं पत्र, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. विस्थापित माणसाच्या मनातही दोन्ही असतात.

नव्या करारात येशू जन्मतो तो आईबाप खानेसुमारीसाठी परगावी गेलेले असताना, गव्हाणीत. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद राजाच्या भीतीने रातोरात त्याला मिसरला न्यावं लागतं. मोठेपणी तो म्हणतो, खोकडांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नाही. न्यायाच्या दिवशीचा प्रश्नही तो हाच ठेवतो: मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलंत का? पेत्राच्या पहिल्या पत्रात पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना ‘परदेशवासी आणि प्रवासी’ म्हटलंय. तिथल्या ग्रीक शब्दाच्या कुळातला ‘पारोइकिया’ म्हणजे परक्या ठिकाणचा मुक्काम. त्यावरूनच पुढे ‘पॅरिश’ हा शब्द आला, ज्याला मराठी कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतात. मुक्कामाचा शब्द गावाचा होऊन बसला, एवढ्या एका प्रवासात चर्चचा पुष्कळ इतिहास आहे. ३१३ नंतर रोमन साम्राज्यात चर्चला मान्यता मिळाली, मग जमिनी, इमारती, अधिकार आले, आणि परकेपणाची आठवण मागे पडत गेली. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं आणि निर्वासितांचे लोंढे उत्तर आफ्रिकेत पोचले तेव्हा तिथल्या बिशप ऑगस्टीनने ती पुन्हा जागी केली: देवाची नगरी या जगात यात्रेकरूसारखी चालते. त्यानंतरची शतकं इथे ओलांडतो. विसाव्या शतकात कॅथलिक चर्चने १९१४ पासून स्थलांतरितांसाठी खास दिवस पाळायला सुरुवात केली, १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी नाझरेथच्या परागंदा कुटुंबाला सगळ्या निर्वासितांचा आदर्श ठरवणारं पत्रक काढलं, आणि २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस रोमबाहेर पहिल्यांदा गेले ते लाम्पेदुसा बेटावर, समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी.

इकडे मराठवाड्यात चर्च वाढलं ते दुष्काळांच्या काळातच. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ, मग १८९६-९७, मग छपन्नाचा, म्हणजे १८९९-१९००. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी होती, वैजापूरकडे घोगरगावच्या बाजूला फ्रेंच कॅथलिक फादर आले होते. वर शेजारच्या नगर जिल्ह्यातली अमेरिकन मिशन आणि पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाई. रमाबाईंनी आईवडिलांबरोबर देशभर पायी वणवण केली होती आणि ते दोघेही १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८९७ मध्ये त्याच बाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीतल्या मुली केडगावला आणल्या, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या; ते १९२४ मध्ये, त्यांच्या मागे छापून आलं.

‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा इथल्या ख्रिस्ती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. हो, भाकरी होती. पण बायबलमध्ये भाकरी आणि देव यांची फारकत कुठे आहे? मिसरातून निघालेल्या लोकांना रानात आधी मान्ना, म्हणजे आभाळातून आलेली भाकरी, मिळाला, दहा आज्ञा नंतर. भुकेल्याने भाकरी देणाऱ्याचा देव जवळ केला, यात लाज वाटण्यासारखं असलंच तर ते ज्यांनी भाकरी दिली नाही त्यांच्याकडे जातं.

विसाव्या शतकातली विस्थापनं धर्म विचारून आली नाहीत. १९४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने लोक सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेले, आणि सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांच्या वस्त्या उठल्या. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली. त्या धरणाचा नाथसागर जलाशय भरला तेव्हा शंभराच्या वर गावांची जमीन पाण्यात गेली होती. १९७२ च्या दुष्काळात अर्धा मराठवाडा खडी फोडायला बसला. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलितांची घरं जळली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, माळवदाची घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि ५२ गावं नव्या जागी हलवावी लागली. नव्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद होते, पण गल्ली, पार आणि शेजार मोडला ही खंत तिथले लोक अजून बोलून दाखवतात.

या सगळ्याला धर्मविचारात जागा करून दिली ती अरविंद निर्मल यांनी. महाराष्ट्रातल्या दलित ख्रिस्ती घरातले हे पाळक. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी केलेलं भाषण ही दलित ख्रिस्ती धर्मविचाराची सुरुवात मानली जाते. पुढच्या लेखनात त्यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २६वा अध्याय हाताशी घेतला. तिथे इस्राएली शेतकऱ्याला सांगितलंय की पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवताना म्हण, माझा बाप भटकता अरामी होता. निर्मल म्हणतात, माझ्या दलित पूर्वजाला त्या अरामी माणसाचं भटकण्याचं स्वातंत्र्यही नव्हतं. त्याला गावाबाहेर टाकलेलं होतं. एका जागी राहूनही विस्थापित! बाबेल, मिसर, रोम सगळं वाचून झाल्यावर हा मुद्दा मला सर्वांत खोल वाटतो. गावकुसाबाहेरचं घर म्हणजे शेकडो वर्षं न हललेला निर्वासित तंबू. त्यात १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश ख्रिस्ती दलितांना यादीबाहेर ठेवतो. पुढे शीख आणि बौद्ध दलितांचा समावेश झाला, यांचा नाही.

आणि आजचा मिसर, म्हणजे गुलामीचा देश, म्हणाल तर तो उसाच्या फडात आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, परभणीकडचे लाखो लोक पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मजुरीचा हिशोब माणसाचा नाही, कोयत्याचा. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती तोडून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला बांधले. एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका टोळीला भेटायला फडावर गेलो होतो. पाचटाने शाकारलेली कोपी, पुढे तीन दगडांची चूल, बाजूला बैल वाढे चघळत उभे. कोपीच्या दारावर कुणीतरी चॉकलेटच्या चांदीचा तारा करून टांगला होता. आतल्या बाईला म्हटलं, ‘मावशी, उद्या उपासनेला येणार का? जवळच्या गावात चर्च आहे.’ ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘बाबा, उद्या गाडी भरायचीय. खाडा पडला तर मुकादम दिवस कापतो. तुम्हीच इथं एक भजन म्हणा, अन् प्रार्थना करा.’ आम्ही चुलीच्या उजेडात भजन म्हटलं. बैलांची गव्हाण हाताच्या अंतरावर होती.

परत येताना मला विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आठवत होती. ‘अनुवाद’मध्ये तिचं कारण स्पष्ट दिलंय: तू मिसरात दास होतास, म्हणून तुझ्या चाकरालाही त्या दिवशी विसावा मिळू दे. १५व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायला सांगितलंय. उचल आणि खाडा या दोन शब्दांवर बायबलचं नेमकं म्हणणं असताना आमच्या प्रवचनांत ते शब्द क्वचित येतात, याचं मला वाईट वाटतं.

आमच्याकडे हंगामाचा सण होतो तेव्हा वेदीपुढे ज्वारीची कणसं, तूर, कापसाची बोंडं, गाठोडंभर बाजरी, एखादी पाय बांधलेली कोंबडी येते, आणि उपासनेनंतर लिलाव होतो. गेल्या वर्षी पाळकांनी टोपल्यांवर हात ठेवून ‘अनुवाद’चा २६वा अध्याय वाचला आणि मंडळीला ‘माझा बाप भटकता अरामी होता’ हे वाक्य आपल्यामागून म्हणायला लावलं. पुढचे तीन बाक रिकामे होते, ती घरं फडावर गेलेली. मागून एक आजी म्हणाली, ‘बाप कशाला, माझा लेक भटकतोय.’ पाळक थांबले. मग त्यांनी ते वाक्य तिच्या शब्दांत पुन्हा सगळ्यांकडून म्हणवून घेतलं.