मुलाचं खेळणं, मुलीचं खेळणं : कोकणातली पार्श्वभूमी

सावंतवाडीत भोवरा आणि लाटणं कातणारा कारागीर एकच, आणि दोन्हींवर चढणारे लाखेचे लाल, पिवळे, हिरवे रंगही तेच. वाटणी व्हायची ती घरी. भातुकली, जातं, ठकी म्हणजे लाकडी बाहुली, पोरींकडे. भोवरा, बैलगाडी पोरांकडे. बाहुलीच्या लग्नाला पोरगेही हजर असत, पण पंगतीपुरते.

रंगांची वाटणी नंतर आली, प्लास्टिकसोबत. नव्वदीनंतर चाकरमान्यांच्या बॅगांतून आणि जत्रेतल्या दुकानांतून गुलाबी किचन सेट आणि निळ्या गाड्या गावोगाव पोचल्या. गुलाबी मुलींचा, हा दंडक तरी कुठे जुना? १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी मुलग्यांना आणि निळा मुलींना सुचवला होता.

आपल्याकडे सरकारी पातळीवर हात घातला गेला तो खेळण्यांना नव्हे, चित्रांना. जून २०१९ मध्ये आलेल्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसले. त्याच सुमारास दुसरीच्याच गणितात ‘एकवीस’च्या जागी ‘वीस एक’ आल्यावरून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला आणि भाजीवाले बाबा त्यात मागे पडले. वाद घालण्यासारखं खरं तर तेच चित्र होतं. घरी बसलेली आई आणि कमावते बाबा, ही जुन्या पुस्तकांतली जोडी रत्नागिरी-सिंधुदुर्गात कधीच धड बसली नाही. बाबा मुंबईला गिरणीत, मनीऑर्डर येईल तेव्हा येईल. लावणी, गुरं, बाजारहाट, कोर्टातली जमिनीची तारीख, सगळं आईच्या अंगावर. तिकडे खोलीवर पाळीपाळीने भात रांधणारे पुरुषही होतेच. तरी सुट्टीला आलेले तेच बाबा मुलाला बंदूक आणि मुलीला बाहुली आणत. म्हणून नव्या चित्राला क्रांती वगैरे म्हणणं मला जड जातं. ते उशिरा आलं, एवढंच.

पुढच्या घडामोडी बाहेरच्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये ठोकळ्यांच्या एका मोठ्या डॅनिश कंपनीने मुलाचं काय नि मुलीचं काय, याबद्दलचे ठरीव समज आपल्या खेळण्यांतून काढण्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात कायदा झाला, २०२४ पासून लागू. त्याने मुला-मुलींचे वेगळे विभाग बंद केलेले नाहीत; राज्यातल्या सगळ्या शाखांत मिळून ५०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मोठ्या दुकानांना एक सामाईक विभागही ठेवायला लावला आहे. भारतात २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, पुढे ७०. त्यामागे देशी उद्योगाचा विचार होता; खोक्यावर कोणाचं चित्र छापावं, याबद्दल त्यात अक्षरही नाही.