यूएल्मचे दीनगृह

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशर परगण्यातील यूएल्म गावी सेंट मेरी चर्चला लागून असलेली, निर्धनांच्या आश्रयासाठीची पंधराव्या शतकातील निवासवास्तू. सफकचा अर्ल (पुढे ड्यूक) विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी ॲलिस, कवी जेफ्री चॉसरची नात, यांनी १४३७ मध्ये राजा सहाव्या हेन्रीच्या परवान्याने ती स्थापली. येथे दोन धर्मगुरू व तेरा निर्धन पुरुष राहत. संस्थापकांच्या आत्म्यांसाठी नित्य प्रार्थना करणे हे त्यांचे कर्तव्य होते. बांधकाम १४५० च्या सुमारास, म्हणजे विल्यमची हत्या झाली तोवर, बहुतांशी पुरे झाले असावे.

चर्च, दीनगृह व शाळा टेकडीच्या उतारावर एकाखाली एक आहेत. दीनगृहातून वर जाणारी पायऱ्यांची वाट थेट चर्चच्या पश्चिम दाराशी पोहोचते. प्रार्थना हेच ज्यांचे काम, त्यांच्यासाठी आखलेली इतकी नेमकी रचना क्वचितच आढळते.

चौकाभोवती ओसरी आणि ओसरीत उघडणारी स्वतंत्र घरे, असा मूळ आराखडा. तो कोठून आला, याविषयी मतभेद आहेत. चिचेस्टरच्या सेंट मेरी रुग्णाश्रमासारख्या जुन्या वास्तूंत एकाच लांब दालनात सर्वांची सोय असे व टोकाला प्रार्थनामंदिर असे. यूएल्मला प्रत्येकाला वेगळे घर मिळाले, यात काही अभ्यासक कार्थुसियन या एकांतवासी ख्रिस्ती साधूंच्या मठांतील एकांतकोठड्यांचा प्रभाव पाहतात. मात्र त्या कोठड्यांना खासगी बाग असे, येथे ती नाही. त्यामुळे विद्यापीठीय महाविद्यालयांच्या चौकाशी असलेले साम्य अधिक पटते.

विटांचा प्रश्नही असाच. भिंतींची चौकट लाकडी असून मधली भर विटांची आहे. प्रवेशमंडप विटांचा आहे. परगण्यातील हे जुन्यातले वीटकाम. ते फ्लेमिश (आजच्या बेल्जियमच्या भागातील) कारागिरांनी केले असावे, असा तर्क केला जातो. पण पोल घराणे मूळचे हल या बंदराचे, आणि तेथे चौदाव्या शतकापासून विटा वापरात होत्या. चर्चच्या बांधणीतही पूर्व अँग्लियाची (सफक ज्यात येते त्या पूर्व इंग्लंडमधील प्रदेशाची) छाप दिसते, त्यामुळे घराण्याच्या स्वतःच्या प्रदेशातून हे कसब आले असणे अधिक संभवते.

चर्चमधील सेंट जॉन प्रार्थनामंदिर दीनगृहवासीयांसाठी होते. ॲलिसची (मृत्यू १४७५) अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाची समाधी त्याच्याच कडेला आहे.

१६१७ पासून दीनगृहाचे प्रमुखपद ऑक्सफर्डच्या वैद्यकशास्त्राच्या रेजियस (राजाने स्थापलेल्या पदावरील) प्राध्यापकाकडे आले. वास्तू आजही निवासासाठी वापरात आहे.