कॅव्हन्साइट झिओलाइट नाही!

ठाण्यात दगडांचं प्रदर्शन लागलं की पुण्याजवळच्या वाघोलीत सापडणाऱ्या कॅव्हन्साइट या खनिजाच्या गर्द निळ्या गोंड्यांवर हमखास चिठ्ठी दिसते: ‘निळा झिओलाइट’. वर्षानुवर्षं चालत आलेली ही चूक आहे. झिओलाइट हा खनिजांचा वेगळाच गट. बेसाल्टच्या (काळ्या ज्वालामुखी खडकाच्या) पोकळीत कॅव्हन्साइट स्टिलबाइटसारख्या खऱ्या झिओलाइटवर बसलेला सापडतो, त्यामुळे शेजाऱ्याचं आडनाव त्यालाही चिकटलं. झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम असतं, आणि तो तिन्ही दिशांना जोडलेला असतो. कॅव्हन्साइटमध्ये ॲल्युमिनियम नाहीच. सिलिकेटचे (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जोडणीचे) थर आहेत, म्हणून तो थरसिलिकेट. निळाई व्हॅनेडियमची, तांब्याची किंवा रंगवलेली नव्हे. काठिण्य १ ते १० च्या मोह्स मापावर जेमतेम ३ ते ४, तेव्हा कृपया अंगठीत बसवू नका. पेंटागोनाइट हा त्याचा जुळा भाऊ: रासायनिक सूत्र तेच, रचना वेगळी.