प्रक्रिया लिहिली म्हणता, ती कार्यपद्धती तर नाही ना?

एसओपीची, म्हणजे कामाच्या लेखी ठरलेल्या रीतींची, फाईल जाड झाली की आपल्या प्रक्रिया ठरल्या, असं बऱ्याच मालकांना वाटतं. फाईलमध्ये असतात त्या कार्यपद्धती: अमुक काम कोणत्या रीतीनं करायचं, एवढंच त्या सांगतात. प्रक्रिया म्हणजे कामांची अख्खी साखळी, मागणी आत आल्यापासून माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतची.

गिरगावातला लग्नपत्रिकांचा छापखाना घ्या. मजकूर, टायपिंग, प्रूफ (तपासायला काढलेली नमुना प्रत), ग्राहकाची सही, प्लेट (छपाईचा पत्रा), छपाई, कटिंग, पॅकिंग, डिलिव्हरी, ही झाली प्रक्रिया. प्रूफ कागदावर काढायचं, तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडायचे, नावं ग्राहकाकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, मग सही, ही त्यातल्या एका कामाची कार्यपद्धती.

आता ४०० पत्रिका छापून झाल्यात आणि वराच्या आत्याचं नाव राहिलंय. कागद काढून बघितला तर प्रूफ दाखवलेलं, सहीही आहे. कार्यपद्धती तंतोतंत पाळली. पण सही वधूच्या भावाची, आणि मजकूर पक्का करायचा अधिकार कोणाचा, हे ऑर्डर घेताना विचारलंच नव्हतं. कधी दुरुस्ती रात्री काउंटरच्या व्हॉट्सॲपवर येते आणि सकाळी प्लेट जुन्याच मजकुराची निघते. असल्या चुका दोन टेबलांच्या मधे होतात आणि तिथली एसओपी कोणीच लिहिलेली नसते. मग उपाय म्हणून प्रूफवर आणखी एका सहीचा रकाना वाढतो!

त्यापेक्षा ऑर्डर फॉर्मवर दोन ओळी घाला: अंतिम मंजुरी कोणाची, आणि बदल किती वाजेपर्यंत घेणार. पूर्ण साखळीला एकच जबाबदार माणूस नेमा. दर आठवड्याला तीन आकडे बघा: वेळेवर गेलेल्या ऑर्डरी, पुन्हा छापलेल्या ऑर्डरी, आणि एकेक प्रूफ किती वेळा फिरलं. तिसरा सर्वांत बोलका. प्रूफ चारदा फिरत असेल तर घोळ मजकूर घेतानाच झालेला असतो, टायपिस्टला बोलून उपयोग नाही.

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००८च्या आवृत्तीत सहा कार्यपद्धती लेखी असणं सक्तीचं होतं. २०१५च्या आवृत्तीत ती सक्ती गेली. कलम ४.४ मात्र प्रक्रियांचा क्रम, जबाबदारी आणि मोजमाप ठरवायला लावतं.

कटिंग मशीनवर मात्र कार्यपद्धतीच हवी, तीही मशीनजवळ चिकटवलेली: आधी रद्दी कागदावर काप, पट्टीनं माप, मगच गठ्ठा.