पेम्बर्लीच्या आधी: ब्रिटिश कादंबरी-मालिकांची जडणघडण

ब्रिटिश पीरियड ड्रामा म्हटलं की जुनी हवेली, घोडागाडी आणि मेणबत्त्यांच्या उजेडातला नाच डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात या मालिकांचा निम्माअधिक इतिहास स्टुडिओतल्या प्लायवूडच्या भिंतींमध्ये घडलेला आहे.

बीबीसीनं मे १९३८ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' दाखवलं, ते जेमतेम तासाभराचं आणि थेट प्रक्षेपित. १९५२ ची सहा भागांची आवृत्तीही थेटच. तिच्यातला नायक, पेम्बर्ली हवेलीचा मालक डार्सी म्हणजे पुढे भयपटांमुळे गाजलेला पीटर कुशिंग. थेट प्रक्षेपणाचा जाच आधी पटकथाकाराला. लागोपाठच्या दोन प्रसंगांत नायिकेचे कपडे वेगळे असतील, तर मध्ये तिच्याविना एखादा प्रसंग घालणं भाग. तेवढ्या वेळात ती केबली ओलांडत दुसऱ्या सेटवर पोचणार आणि झगा बदलणार.

व्हिडिओटेप आल्यावर ही धावपळ कमी झाली, स्टुडिओ मात्र सुटला नाही. जानेवारी १९६७ मध्ये बीबीसी-२ वर जॉन गॉल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवरची 'द फोर्साइट सागा' सुरू झाली: २६ भाग, कृष्णधवल. त्याच वाहिनीवर रंग आला १ जुलैला, म्हणजे मालिकेचं नशीब सहा महिन्यांनी हुकलं. शिवाय बीबीसी-२ साठी ६२५ रेषांचं चित्र दाखवणारा नवा टीव्ही संच लागे आणि तो फार थोड्या घरांत होता. खरी लाट उसळली १९६८ मध्ये, बीबीसी-१ वर रविवारी रात्री पुनःप्रक्षेपण झालं तेव्हा. काही चर्चनी तर संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळच बदलली.

सत्तरच्या दशकातली बहुतेक कामं दोन तुकड्यांत व्हायची. घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर, बाहेरचे १६ मिमी फिल्मवर. स्टुडिओत अनेक कॅमेरे एकाच वेळी चालू. सगळ्यांना चेहरे नीट दिसावेत म्हणून दिवे वर टांगलेले आणि उजेड सगळीकडे सारखा. टेबलावरची मेणबत्ती मग नुसती शोभेची. व्हिडिओ सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपतो, फिल्म २५ पूर्ण. त्यामुळे व्हिडिओतली हालचाल गुळगुळीत, फिल्मवरची किंचित तुटक. पात्र दिवाणखान्यातून बागेत पाऊल टाकतं आणि चित्राचा पोतच पालटतो. त्या काळची मालिका दार उघडण्याच्या क्षणी थांबवून बघा, हा सांधा हमखास सापडतो. त्यात बीबीसीच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये रात्री दहाला काम आवरावं लागे. हललेली भिंत किंवा माइकच्या दांड्याची सावली रिटेकविना तशीच राहून जाई, ती याच घाईपायी. आज या गोष्टींना हसणं सोपं आहे. पण दीर्घ संवाद न तोडता पेलणारे नट याच पद्धतीनं घडवले, हेही खरं.

फिल्मकडे वळायला पैसा हवा होता, आणि त्यातला बराचसा अमेरिकेतून आला. 'फोर्साइट' तिथे गाजल्यावर बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या टीव्ही केंद्रानं जानेवारी १९७१ मध्ये ब्रिटिश मालिका दाखवणारं 'मास्टरपीस थिएटर' हे सदर सुरू केलं. खर्च मोबिल या तेल कंपनीचा. इकडे ब्रिटनमध्ये ग्रनाडा या खासगी टीव्ही कंपनीनं 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' (१९८१) सबंध फिल्मवर केली. १९७९ च्या टीव्ही कर्मचाऱ्यांच्या संपानं चित्रीकरण मध्येच थांबलं, दिग्दर्शक बदलला आणि मालिका ११ भागांपर्यंत गेली. पाठोपाठ १९८४ मध्ये 'द ज्युएल इन द क्राउन', १४ भाग. तिच्यासाठी याच कंपनीचं युनिट उदयपूर, म्हैसूर, सिमल्याला येऊन गेलं.

बीबीसीचा सूर पुन्हा लागला 'मिडलमार्च'नं (१९९४). त्यासाठी लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड हे अख्खं दगडी गाव कामाला आलं. पुढच्या वर्षी 'मिडलमार्च'चाच पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस याच्या पटकथेवरचं सहा भागांचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस', सुपर १६ (रुंद चौकटीच्या १६ मिमी) फिल्मवर. डेव्हिसनं सुरुवातच घोडे उधळत येणाऱ्या दोन पुरुषांनी केली. कादंबरीत ऑस्टिन आपल्याला बहुतांशी नायिका एलिझाबेथबरोबर ठेवते. इथे डार्सी एकटा असतानाही दिसतो. गाजलेली तळ्यातली उडी त्यातूनच आली, कादंबरीत ती नाही. त्याची पेम्बर्ली हवेलीही जोडलेली: बाहेरून चेशरचं लाइम पार्क, आतून डर्बीशरचा सडबरी हॉल. असा जोड लपवायचा तर खिडकीतून बाहेर काय दिसतं आणि ऊन कुठल्या बाजूनं येतं, हे दोन्हीकडे जुळवावं लागतं. मेणबत्त्यांची भानगड वेगळीच: टेकगणिक त्या झिजतात, म्हणून आधीच्या शॉटमधली उंची पाहून बदलाव्या लागतात.

२००५ च्या 'ब्लीक हाउस'नं हाय डेफिनिशन वापरलं आणि पहिला तासाभराचा भाग वगळता अर्ध्या-अर्ध्या तासाचे हप्ते ठेवले. डिकन्सनं ती कादंबरी मुळात मासिक हप्त्यांत लिहिलेली, त्यामुळे ही विभागणी तिला चपखल बसली.

एप्रिल २०१३ पासून ब्रिटनमध्ये महागड्या मालिकांना करसवलत मिळू लागली. तेव्हाची अट अशी होती की मुख्य खर्च तासाला सरासरी किमान १० लाख पौंड हवा, आणि भागाची वेळ अर्ध्या तासाहून जास्त. स्वस्तात बनणाऱ्या लांबलचक मालिकेला या हिशेबात जागा नव्हती. मालिका आखूड होण्याचा कल आधीपासूनच होता: १९६७ च्या 'फोर्साइट'मध्ये सहा कादंबऱ्या होत्या, २००२-०३ मध्ये ग्रनाडानं ती पुन्हा केली ती तीन कादंबऱ्यांपुरती, दहा भागांत.