एंटरप्राइज फंड

साम्यवादी राजवटी कोसळल्यावर पूर्व युरोपात आणि माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांत खासगी उद्योगांना भांडवल मिळावे, म्हणून अमेरिकी सरकारने १९९० पासून उभ्या केलेल्या गुंतवणूक संस्था. असे एकूण दहा निधी निघाले आणि त्यांत सुमारे १२० कोटी डॉलर घातले गेले. पैसा सरकारचा, गुंतवणुकीचा निर्णय खासगी मंडळींचा आणि नफा मात्र कोणाच्याच खिशात जायचा नाही, अशी त्यांची रचना होती. लोकशाही आणि खासगी उद्योग यांना एकाच कार्यक्रमातून बळ देण्याचे जे प्रयोग त्या दशकात झाले, त्यांत सर्वांत धीट हाच म्हणावा लागेल.

जुलै १९८९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश पोलंड व हंगेरीच्या दौऱ्यावर गेले. पोलंडसाठी १० कोटी आणि हंगेरीसाठी अडीच कोटी डॉलरच्या निधीची कल्पना त्यांनी तेव्हा मांडली. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, हे आकडे २४ कोटी आणि ६ कोटींवर नेले. १५ नोव्हेंबरला पोलंडचे कामगार नेते लेख वावेन्सा यांनी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत भाषण केले आणि २८ नोव्हेंबरला कायद्यावर सही झाली. ‘सपोर्ट फॉर ईस्ट युरोपियन डेमोक्रसी’ या त्याच्या नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘सीड’, म्हणजे बियाणे, हा शब्द होतो. नाव लोकशाहीचे असले, तरी त्यातली मोठी रक्कम धंद्यासाठी होती.

पोलंडमध्ये १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांच्या नावाची आर्थिक सुधारणांची योजना लागू झाली. बहुतेक किमतींवरची सरकारी बंधने उठली. दुकान, कारखाना काढायला मुभा वर्षभर आधीच मिळाली होती. पण भांडवल कुठून आणायचे? तिथल्या बँकांनी चाळीस वर्षे नियोजन खात्याच्या हुकमाप्रमाणे रकमा वाटल्या होत्या. समोर बसलेला माणूस कर्ज फेडील की नाही, हे ओळखण्याची विद्या त्यांना कधी लागलीच नव्हती. लोकांकडे तारण नव्हते आणि जमिनीचे कागदही धड नव्हते.

नेहमीच्या मदत कार्यक्रमाची रीत ठरलेली असते. यूएसएड ही अमेरिकी मदतसंस्था काम निश्चित करते, ठेकेदार नेमते, त्याचा वार्षिक आराखडा मंजूर करते आणि दर तिमाहीला किती प्रशिक्षणे झाली, किती लोक आले याचे तक्ते मागवते. एंटरप्राइज फंडांत ही साखळी जाणूनबुजून तोडली होती. प्रत्येक निधी ही अमेरिकेत नोंदलेली ना-नफा कंपनी होती. संचालक बिनपगारी. यूएसएडशी करार व्हायचा आणि रक्कम कर्ज म्हणून नव्हे, तर अनुदान म्हणून मिळायची. वार्षिक लेखापरीक्षण आणि अहवाल बंधनकारक होते, मात्र अमुक कंपनीत पैसे घाला किंवा घालू नका, हे सांगण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला नाही. गुंतवणूक बुडाली तर राजदूताला उत्तर द्यावे लागणार नाही आणि राजदूताच्या ओळखीच्या माणसाला कर्जही द्यावे लागणार नाही, असा हा दुहेरी सोयीचा बंदोबस्त होता.

याच्याशी नाते सांगणारे एक उदाहरण मुंबईतले आहे. १९५५ साली आयसीआयसीआय स्थापन झाली, तेव्हा जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर भारत सरकारने तिला साडेसात कोटी रुपये बिनव्याजी दिले होते. अमेरिकी मदतीतून देशात जमलेल्या रुपयांमधून ती रक्कम आली होती. परकी मदत, खासगी व्यवस्थापन आणि कारखानदारांना दीर्घ मुदतीचा पैसा हे सूत्र त्यामुळे वॉर्साला पोहोचण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे वापरून झाले होते.

पोलिश-अमेरिकन एंटरप्राइज फंडाचे अध्यक्ष जॉन बर्कलंड हे न्यूयॉर्कचे गुंतवणूक बँकर होते. संचालकांत अमेरिकेचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिगन्येव ब्रझेझिन्स्की आणि अमेरिकी कामगार नेते लेन कर्कलंड होते. भांडवलदार, मुत्सद्दी आणि कामगार पुढारी अशी माणसे एका टेबलाशी बसवणे हा राजकीय शहाणपणाचा भाग होता, कारण पुढे टीका झालीच तर ती कोणत्याही एका पक्षाकडून होणे अवघड जाई. निधीने दोन पातळ्यांवर काम केले. मोठ्या कंपन्यांत भागभांडवल घेतले आणि छोट्या धंद्यांसाठी स्थानिक बँकांमध्येच कर्जाच्या ‘खिडक्या’ उघडल्या. खिडकीवर बसणारा माणूस त्याच बँकेचा असे. त्याला तारणापेक्षा धंद्यातली येणी-देणी आणि माणसाची पत पाहायला शिकवले जाई. लोकशाहीवरच्या परिसंवादांपेक्षा या खिडक्यांनी जास्त काही शिकवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सरकारी कचेरीत ओळख नसतानाही कर्ज मिळते, हा अनुभव कर्जदाराला तिथे पहिल्यांदाच येत होता. १९९४ मध्ये ‘फुंदुश मिक्रो’ ही सूक्ष्मकर्ज संस्था निघाली. एकमेकांना जामीन राहणाऱ्या गटांना ती कर्ज देई. आपल्याकडच्या बचत गटांच्या वाचकांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

व्यवस्थापनातले सर्वांत अवघड दुखणे पगाराचे होते. खासगी गुंतवणूक निधीत व्यवस्थापकाला नफ्यातला मोठा वाटा मिळतो. ना-नफा संस्थेत तो देता येत नाही आणि तो नसेल तर चांगला माणूस वॉर्साच्या थंडीत कशाला येईल? १९९३ मध्ये हंगेरीच्या निधीने पैसे घातलेल्या एका कंपनीतले भरमसाट पगार उघडकीस आले आणि काँग्रेसमध्ये गदारोळ झाला. त्यानंतर निधीतल्या पगारावर दीड लाख डॉलरची कमाल मर्यादा आली. पोलंडच्या मंडळींनी वेगळी वाट काढली. ‘एंटरप्राइज इन्व्हेस्टर्स’ या स्वतंत्र व्यवस्थापन कंपनीने खासगी गुंतवणूकदारांकडून वेगळे निधी उभारले आणि दोन्ही पैशांची व्यवस्था एकाच चमूकडे ठेवली. सरकारी निधीच्या खांद्यावरून खासगी भांडवल देशात आले, पण हितसंबंधांची सरमिसळ होऊ न देणे हे कायमचे जोखमीचे काम होऊन बसले.

ती सरमिसळ झाली तर काय होते, हे रशियात दिसले. हा एंटरप्राइज फंड नव्हता. हार्वर्डच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेकडे यूएसएडने सोपवलेला, बाजारव्यवस्था घडवण्याचा सल्ला देणारा तो प्रकल्प होता. सल्लागार स्वतः आणि त्यांचे नातलग रशियात गुंतवणूक करत असल्याचे आरोप झाल्यावर यूएसएडने १९९७ मध्ये पैसा थांबवला. खटला चालला आणि २००५ साली विद्यापीठाने २ कोटी ६५ लाख डॉलर भरून तडजोड केली. नियम ज्यांनी लिहायचे त्यांनीच खेळात उतरल्याची ही गोष्ट भ्रष्टाचारविरोधी सल्ल्याची पुरती थट्टा करून गेली.

एकच साचा सगळीकडे सारखा चालला नाही. चेक-स्लोव्हाक निधी सुरुवातीलाच अडखळला. मध्य आशियाच्या निधीचे बहुतेक भांडवल बुडाले. तिथे न्यायालये, हिशेबाची शिस्त आणि माल विकायला जवळची बाजारपेठ यांतले काहीच धड नव्हते. पोलंडला शेजारी जर्मनी होता आणि समोर युरोपीय संघाचे दार दिसत होते. म्हणून पोलंडच्या यशाचे सगळे श्रेय निधीच्या व्यवस्थापकांना देणे योग्य नव्हे. बल्गेरियाच्या निधीला मिळाले फक्त साडेपाच कोटी डॉलर. त्यातून त्याने एक बँक काढली आणि २००८ मध्ये, मंदीच्या ऐन तोंडावर, तिचा जवळजवळ निम्मा हिस्सा एका आयरिश बँकेला २१ कोटी ६० लाख युरोंना विकला. तीनच वर्षांनी आयरिश बँकेने तोच हिस्सा अवघ्या एक लाख युरोंना काढून टाकला. यात कौशल्य किती आणि नशीब किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

निधी गुंडाळताना उरलेल्या पैशांचे काय करायचे, हा प्रश्न मूळ कायद्याच्या वेळी कोणाच्या फारसा ध्यानी नव्हता. पोलंडने तोडगा काढला. मूळ अनुदानाचा निम्मा भाग, म्हणजे १२ कोटी डॉलर, अमेरिकी तिजोरीत परत गेला आणि उरलेल्या भांडवलातून १९९९ मध्ये पोलिश-अमेरिकन फ्रीडम फाउंडेशन स्थापन झाले. परकी मदतीचा पैसा दात्याला परत जाण्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. खेड्यांतल्या शाळा, इंग्रजी शिक्षण, स्थानिक नागरिक गट यांना हे फाउंडेशन मदत करते. युक्रेन, बेलारूस आणि आसपासच्या देशांतल्या तरुणांना ते लेन कर्कलंड यांच्या नावाची शिष्यवृत्ती देते. लोकशाहीच्या नावाने काढलेला कायदा अशा रीतीने दहा वर्षे धंदा करून, त्या नफ्यातून लोकशाहीच्या कामाकडे वळला. हाच नमुना पुढे बल्गेरिया, अल्बानिया, रुमानिया आणि बाल्टिक देशांत वापरला गेला. रशियातल्या निधीने गृहकर्जाची बँक रुजवली आणि चांगल्या भावाने विकली. पण तिच्या पैशांतून निघालेल्या यूएस-रशिया फाउंडेशनला डिसेंबर २०१५ मध्ये रशियाने ‘अवांछित संघटना’ ठरवले. युक्रेनच्या निधीच्या प्रमुख नाताली यारेस्को मात्र २०१४ च्या अखेरीस त्या देशाच्या अर्थमंत्री झाल्या.

२०११ च्या अरब उठावांनंतर इजिप्त आणि ट्युनिशियासाठी हाच साचा पुन्हा बाहेर काढला गेला. इजिप्तच्या निधीने ‘फौरी’ या, इलेक्ट्रॉनिक मार्गाने पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत पैसे घातले आणि तो सौदा व्यापारी दृष्टीने उत्तम ठरला. लोकशाहीचा हिशेब मात्र कैरोत जमला नाही. लष्कर सत्तेवर परतले आणि निधी गुंतवणूक करत राहिला.

१ जुलै २०२५ रोजी यूएसएडचे काम थांबले आणि उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे गेले. वॉर्सा आणि बल्गेरियाची राजधानी सोफिया इथली फाउंडेशने स्वतःच्या ठेवींवर चालत असल्याने त्यांना वॉशिंग्टनच्या वार्षिक तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.