गाळ, तलावतळाचा (पूर्व विदर्भ)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी (मामा) तलावांच्या, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या तलावांच्या, तळाशी साचणारा चिखल. तलावातील अन्नजाळे बव्हंशी त्यावर उभे असते.

या तलावांच्या बांधणीकाळाविषयी एकमत नाही. चांद्याचे (आजचे चंद्रपूर) गोंड राजे तलाव बांधणाऱ्याला जमीन देत आणि कोहळी समाजाने ही कामे केली, अशी परंपरा आहे. कोहळी बनारसकडून आले, असेही ती सांगते. काही अभ्यासक तलावांचे मूळ याहून जुने मानतात. तथापि बहुतेक तलाव सोळाव्या ते अठराव्या शतकांत टप्प्याटप्प्याने झाले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९५१ मध्ये मालगुजारी संपून तलाव सरकारकडे आले.

गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरांतच प्राणवायू असतो. त्या थरातील लोह स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवते. प्राणवायू संपला की स्फुरद सुटून पाण्यात येतो आणि शेवाळ माजते. प्राणवायूविना सेंद्रिय द्रव्य कुजताना समुद्राच्या व खाडीच्या गाळात सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोड्या पाण्यात सल्फेट थोडे, म्हणून तलावाच्या गाळातून मुख्यतः मिथेन निघतो. अशा चिखलातही डासमाश्यांच्या लाल अळ्या व बारीक गांडुळे तगतात, कारण त्यांच्या शरीरातील हिमोग्लोबिन तुटपुंजा प्राणवायूही पकडते. शिंपल्यांना मात्र असा चिखल मानवत नाही.

उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ भेगाळतो, त्यात हवा शिरते, साचलेले द्रव्य कुजून संपते आणि पाणवनस्पतींचे बी रुजते. पाणी चढल्यावर याच वनस्पतींत मासे अंडी घालतात आणि पिलांना आसरा मिळतो. मरळ व मांगूर हवेतूनही श्वास घेत असल्याने आटत्या डबक्यातही टिकतात.

मत्स्यबीज म्हणून सोडलेला सायप्रिनस (कॉमन कार्प हा परदेशी मासा) तळ उकरून खातो. त्याने पाणी गढुळते, मुळे उपटली जातात आणि प्रकाशाअभावी वनस्पती हटतात. स्थानिक माशांची घट केवळ जाळ्यांना चिकटवणे म्हणूनच अपुरे आहे. ढीवर या मासेमार समाजाच्या उपजीविकेचा प्रश्न तळापर्यंत पोचतो.

गाळ काढून शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तिला यंत्रांची जोड मिळाली. सरसकट खोदाईत मात्र बी, कंद व शिंपले गाळाबरोबरच जातात. तळाचा काही भाग न उकरता राखणे व काठाचा उतार सौम्य ठेवणे अधिक हितकर होय.